पाखरांच्या वाट्याची तुती

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे. दवाखान्याच्या रिसेप्शनवर दिवसभर गोड बोलायचं, तर तो राग घरी कुणावर तरी निघणारच. पण या एका बाबतीत मला नक्की कुणावर रागवायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. कायद्यावर रागवावं तर कायदा बरोबर होता. दादांवर रागवावं तर त्यांनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. आणि मुलीवर रागवायला माझी जीभ उचलत नाही.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. मंगळवेढ्याकडचे, काळ्या मातीतले. बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. आम्ही दुबईत आलो आणि मुलगी झाली तेव्हा ते तिला बघायला म्हणून व्हिजिट व्हिसावर आले आणि तिच्या पाळण्याशेजारी असे काही बसले की यांना परत पाठवायचं कसं हा आम्हालाच प्रश्न पडला. माझ्या नवऱ्यानं ऑफिसमधल्या एका ओळखीतून त्यांना शेतावर काम बघून दिलं. दुबईहून अल ऐनकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की अशी शेतं लागतात. बाहेरून नुसती मातकट भिंत आणि लोखंडी फाटक, आत मात्र खजुरी, लिंबं, चारा, बकऱ्या. मालक अबू धाबीत राहणारे वयस्कर गृहस्थ. मालकाला इथे अरबाब म्हणतात. ते सुट्टीला नातवंडं घेऊन यायचे आणि बाकी सगळं दादांवर सोडून द्यायचे.

शनिवारी एक तर दादा आमच्याकडे अल बर्शाला यायचे, नाही तर आम्ही डबे घेऊन शेतावर जायचो. मुलगी आमच्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज आहे आणि त्यावरून मी रोज चिडते. पण काकाशी ती मराठी बोलायची, तेही मंगळवेढ्याचं. "काका, आज बकरी व्याली का?" हे वाक्य अल बर्शाच्या लिफ्टमध्ये फोनवर तिच्या तोंडून ऐकून शेजारीण माझ्याकडे बघायची. मला आतून बरं वाटायचं. दादांना तर ती म्हणजे जीव की प्राण होती.

अरबाबना तुतीची फार हौस. नातवंडांसाठी त्यांनी भिंतीच्या कडेनं तुतीची झाडं लावली होती. मार्च संपता संपता ती लालकाळ्या फळांनी लगडायची आणि पाखरांची धाड पडायची. बुलबुल, साळुंक्या, चिमण्या आणि मधेच कुठून तरी लांबून आलेली, चार दिवस टेकून पुढे जाणारी पाखरं. ती हाकलायला दादांनी स्वतःच्या हातानं गोफण वळली होती. पॅकिंगची दोरी आणि खजुरीचा काथ्या यांची. लहानपणी ते ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं राखायचे. गोफणीच्या मधल्या झोळीत मातीचा गोळा ठेवायचा, डोक्याभोवती फिरवायची आणि एक टोक सोडायचं. गोळा सुटतो आणि दोरीचं टोक हवेत असं फाटकन वाजतं की थवा उठून पळतो. मारायचं नसतंच. गोळा थव्याच्या वरून जायला हवा. पाखरू मारणाऱ्या राखणदाराला त्यांच्या गावात नाव ठेवायचे, असं दादा सांगायचे.

आणखी एक रीत त्यांनी गावाहून आणली होती. तिकडे ज्वारी राखताना बांधाकडेचे एक-दोन तास, म्हणजे ओळी, पाखरांना सोडून देतात. तिथे हाकारा नाही, गोफण नाही. तसं इथे त्यांनी फाटकाजवळची एक तुती पाखरांना देऊन टाकली होती. "ही त्यांच्या वाट्याची," असं अरबाबना सांगितलं तेव्हा ते खूप हसले म्हणे, आणि मग आपल्या नातवंडांनाही त्यांनी त्या झाडाची फळं तोडू दिली नाहीत. मला त्या झाडाचं कौतुक नव्हतं. त्याच्याखाली गाडी लावली की काचेवर जे काही पडायचं ते नंतर मलाच पुसावं लागायचं.

मुलगी सातवीत गेली आणि शाळेच्या नेचर क्लबमध्ये तिला पक्ष्यांवर प्रेझेंटेशन करायचं आलं. मग काय, घरात पक्षीच पक्षी. या देशात रानातल्या पक्ष्याला मारणं, पकडणं, त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे, हे आम्हाला जेवताना कळायचं, झोपताना कळायचं. एअरगन असो, जाळं असो, नाही तर साधा दगड असो. दंड आहे, तुरुंग आहे, आणि बाहेरच्या देशातला माणूस असेल तर त्याला कायमचं परत पाठवू शकतात. साळुंकीचा नियम मात्र वेगळा निघाला. ती इथली नव्हे, माणसांनी पिंजऱ्यातून आणलेली आणि मग सुटून पसरलेली. इथल्या पक्ष्यांची घरटी बळकावते, म्हणून सरकारी खातंच तिला कमी करायला बघतं. "मायना इज इन्व्हेजिव्ह, आई," ती मला बजावायची, जणू साळुंक्या मीच आणल्या होत्या.

तिनं दादांनाही समोर बसवून सगळं सांगितलं. आमच्याच डायनिंग टेबलवर. काका, यू कान्ट हिट बर्ड्स. दादा शांतपणे भाकरी कुस्करत म्हणाले की मी मारत न्हाई पोरी, हाकलतो. तिनं थोडा विचार केला आणि हाकललेलं चालेल असा निकाल दिला. पण वचन घेतलं, की गोळा नेहमी वरूनच जाईल. दादांनी हसत हसत तिच्या हातावर हात ठेवला. मला तेव्हा त्या दोघांचं हसू आलं. इतक्या गंभीरपणे दोघं एखाद्या गोष्टीवर बोलतायत आणि ती गोष्ट काय, तर तुतीवरची पाखरं.

एप्रिलमधला तो शनिवार. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. आम्ही सकाळीच शेतावर पोचलो. मी पुरणपोळ्या नेल्या होत्या, कारण पाडव्याला दादांना सुट्टी मिळाली नव्हती. खाऊन झालं, नवरा खाटेवर आडवा झाला, आणि मुलीनं दादांच्या मागे टुमणं लावलं. तिला गोफणीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा होता. पक्ष्यांना न मारता हाकलायची पद्धत म्हणून प्रेझेंटेशनमध्ये घालणार होती. शोधून शोधून तिनं हेच घालावं, पण घालणार होती. दादा म्हणाले, आता पाखरं कमी आहेत, आवाज कशापायी? पण तिनं दोनदा मागितलेली वस्तू त्यांनी कधी नाकारली नव्हती.

ते फाटकाजवळ उभे राहिले. बाकीच्या झाडांकडे माणसं काम करत होती, म्हणून त्यांनी तोंड मोकळ्या बाजूला केलं. पाखरांच्या तुतीच्या बरंच वरून, भिंतीपलीकडच्या रिकाम्या वाळूकडे. गोळा ठेवला, गोफण फिरवली आणि सोडली. फाटकन आवाज आला आणि त्याच क्षणी झाडाच्या शेंड्यातून काहीतरी पिवळं वर उसळलं. आवाजानंच उडालं असणार. गोळ्याच्या वाटेत आलं आणि भिंतीच्या अलीकडे पडलं. मोठा आवाज नाही, काही नाही. एखादं फळ पडावं तसं.

आम्ही धावलो. हळद्या होता. हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा, पंख काळे, चोच लालसर. गावाकडेही असतो, पण हा त्याचा लांबचा भाऊ, दरवर्षी इकडून जाणारा, हे मुलीनंच आम्हाला कधी तरी चित्रात दाखवलं होतं. मान एका बाजूला पडली होती आणि चोचीला तुतीचा रस लागला होता. दादा त्याच्याशेजारी खाली बसले.

"त्यांच्या झाडावरचं मारलं म्या," ते म्हणाले.

मुलगी रडली नाही. याचीच मला तेव्हा जास्त भीती वाटली. तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं, पुरणपोळ्यांचा रिकामा डबा आणला, त्यात टिश्यू अंथरला आणि हळद्याला त्यात ठेवून झाकण लावलं. घरी नेऊन पुरणार म्हणाली. इथे मांजरं उकरतील. मी नेहमीसारखी डब्यावरून ओरडले नाही. तिनं तो डबा माझ्या पिशवीत, भाकऱ्यांच्या फडक्याखाली ठेवला.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात फाटकावर गाडी थांबली. इथला पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले एक गृहस्थ उतरले आणि त्यांच्या मागे गणवेशातला एक तरुण. पर्यावरण खात्याचे होते. बोलणं सभ्य, आवाज खाली. पलीकडचं शेत सुट्टीसाठी भाड्यानं देतात. तिथे आलेल्या लोकांनी बरेच दिवस तक्रार लावली होती, की या भिंतीच्या आत कुणी तरी बंदुकीनं पक्षी मारतं. रोज सकाळी गोळीचा आवाज येतो. आणि आज तर त्यांच्यापैकी एकानं भिंतीपलीकडून पक्षी पडताना पाहिला होता, कोणता ते मात्र कळलं नव्हतं.

"बंदूक किधर है?" त्यांनी दादांना विचारलं.

काय झालं ते आमच्या सगळ्यांच्या आधी दादांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ जी राखण चालली होती, तिचा आवाज भिंतीपलीकडे बंदुकीचा वाटत होता. आमच्या गावाकडे हा आवाज ऐकून कुणी मान वर करत नाही. इथे तो आवाज ओळखणारं कुणी नव्हतं, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादांनी खुंटीवरची गोफण काढून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी ती उलटसुलट करून बघितली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. म्हणाले, माझे आजोबा बकऱ्यांमागे अशीच फिरवायचे. लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आजच. क्षणभर मला वाटलं की सुटलो. पण गणवेशातल्या तरुणानं खोल्या, शेड, पंपघर सगळं बघून घेतलं, आणि साहेब पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. बंदूक नसली तरी पक्षी मेला असेल तर गुन्हा तोच. कशानं मारला याला महत्त्व नाही, कोणता मारला याला आहे. साळुंकी असेल तर ताकीद देऊन मिटेल, कारण तिचा बंदोबस्त खातंच करतं. दुसरा पक्षी असेल, त्यातून लांबून येणारा असेल, तर मला केस लिहावी लागेल आणि मग पुढचं माझ्या हातात नाही.

पुढचं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. दादा परत गेले असते, आणि पुन्हा कधी येऊ शकले नसते. मंगळवेढ्याला त्यांचं आता कोण होतं? चार खोल्यांचं घर आणि भिंतीवर बायकोचा फोटो. त्यांचं जे काही माणूस होतं ते इथे, माझ्या शेजारी, शाळेची पांढरी टोपी घालून उभं होतं. मी माझी पिशवी पोटाशी धरली होती. इतकी घट्ट, की साहेबांनी तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. दादांनी घसा खाकरला. ते खरं सांगणार होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. तेवढ्यात मुलगी पुढे झाली.

"इट वॉज अ मायना," ती म्हणाली. "आय सॉ इट."

साहेब खाली वाकले. मुलांशी बोलायची त्यांना सवय असावी. तुला पक्षी ओळखता येतात का, त्यांनी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली हो, मी शाळेच्या नेचर क्लबमध्ये आहे. मग त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, की तो दिसायला कसा होता. आणि ती घडाघडा सांगू लागली. अंग तपकिरी. डोकं काळं. चोच पिवळी, पाय पिवळे, डोळ्यामागची उघडी कातडी पिवळी. उडताना पंखात पांढरा पट्टा. एकही चूक नाही. हेच सगळं ती आमच्या डायनिंग टेबलवर पाठ करायची, तेव्हा मी तिला जेव आधी म्हणून ओरडायचे.

आता कुठे आहे तो, त्यांनी विचारलं. मांजरानं नेला. तिकडे. तिनं हात करून दाखवलं आणि गणवेशातला तरुण तिकडे बघून आला. मांजर होतं तिथे, ऊन खात बसलेलं. शेतावर मांजरांना काय तोटा?

साहेबांनी तिच्या पाठीवर थोपटलं. छान अभ्यास कर, आम्हाला अशी माणसं हवी आहेत म्हणाले. अरबाबना फोन लावून त्यांनी झाडांवर जाळी घालायला सांगितलं, गोफण जप्त केली आणि दादांना समजावलं की साळुंकीलासुद्धा आपल्या हातानं मारायचं नाही, खात्याला फोन करायचा. दादा नुसतीच मान हलवत होते. गाडी गेली. फाटक लागलं. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो इतका मोठा होता की मलाच कसंसं झालं. खोटं सांगायचं कशाला, त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं. हळद्याचं नाही, कायद्याचं नाही, मुलीचं काय झालं याचंही काही वाटलं नाही. दादा राहिले, बास.

दादा मात्र तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत सुटका नव्हती. ते तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवायला गेले. ती हळूच बाजूला झाली आणि गाडीत जाऊन बसली.

परतताना गाडीत नवऱ्यानं एकदा "शी वॉज ब्रेव्ह" असं म्हणून बघितलं. तिनं खिडकीची काच खाली केली, म्हणजे वाऱ्यात पुढचं ऐकू येऊ नये. आमच्या बिल्डिंगला माती अशी नाहीच. शेवटी हळद्याला बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. तिनं स्वतः खड्डा केला, मला मदत करू दिली नाही. तेव्हापासून मी फोडणीला कढीपत्ता बाजारातून आणते. कुंडीतला भरभरून फुटतो, तोडायला हात जात नाही. डबा घासून उन्हात ठेवला होता, आता त्यात खिळे आणि स्क्रू असतात.

पुढच्या आठवड्यात तिनं क्लब सोडला. बोअरिंग आहे म्हणाली. क्लबच्या बाईंनी मला फोन केला, इतकी हुशार मुलगी, प्रेझेंटेशन तयार होतं, असं कसं? मी म्हटलं, या वयात असंच असतं. माझंही खोटं बोलणं सुरू झालं होतं तर.

दादा येत राहिले. ती त्यांना पाणी आणून द्यायची, पाया पडायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण इंग्रजीत. "आयॅम फाइन, काका." बकरी व्याली का, हे तिनं पुन्हा विचारलं नाही. दादांना इंग्रजी कळत नाही असं नाही, पण तिच्या तोंडून ते इंग्रजी ऐकलं की ते ताटाकडे बघायचे. एकदा ती क्लासला गेलेली असताना ते मला म्हणाले की ती माझ्याशी बोलंना. मी म्हटलं, ती तुमच्यावर रागावलेली नाही. ते म्हणाले, तसं असतं तर बरं झालं असतं.

मग जून लागता लागता एके दिवशी ते चांगला धुतलेला शर्ट घालून आमच्याकडे आले आणि म्हणाले, मी त्या ऑफिसात जाऊन सांगून येतो. हळद्या होता, म्या मारला. जे व्हायचं ते होऊ दे. त्यांना झोप लागत नव्हती. पोरीनं माझ्यापायी खोटं बोलावं आणि मी गप उभं राहावं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. माझा नवरा त्यांना म्हणाला, मी भाऊ म्हणून नाही, बाप म्हणून बोलतो. तुम्ही खरं सांगितलंत तर पहिला प्रश्न येईल, मग ती मुलगी काय म्हणाली होती? तिला त्यात ओढणार का?

दादा खुर्चीत बसले. हातातली पिशवी गुडघ्यावर नीट करत राहिले.

"म्हंजी खरं बोलायची वाट पोरीनं ठिवलीच न्हाई मला," ते म्हणाले.

मी चहा टाकला. त्यांनी तो घेतला आणि शेवटच्या बसनं परत गेले. मी त्या रात्री कारण नसताना नवऱ्याशी भांडले, टॉवेल जागेवर नाही म्हणून. त्यानं तो उचलून जागेवर ठेवला. त्यालाही माहीत होतं की टॉवेलचा काही संबंध नाही.

मी अनेकदा विचार करते, की ती का बोलली? आवाज रेकॉर्ड करायचा हट्ट तिचा होता, म्हणून? काकाला वाचवायचं म्हणून? की आम्ही तिघं मोठी माणसं मूग गिळून उभी होतो, म्हणून कुणीतरी बोलायला हवं होतं? तिला विचारायची हिंमत मला झाली नाही. दवाखान्यात मी अनोळखी माणसांना कुठे दुखतंय ते दिवसभर विचारते. घरात मात्र तो प्रश्न माझ्या ओठांवर येऊन परत जातो. आणि तो कायदा, ज्याच्यावर तिचा एवढा विश्वास होता, तो अजूनही बरोबर आहे असंच मला वाटतं. लांबून उडत आलेल्या त्या जिवाला भिंतीआडच्या एका तुतीवर सुखानं चार फळं खाता यायला हवी होती. एवढंच तो कायदा म्हणत होता, आणि एवढंच दादांची रीत म्हणत होती. दोन्ही एकच गोष्ट सांगत होती, तरी मधे माझी मुलगी चिरडली गेली.

अरबाबनी तुतीवर जाळी घातली. सगळ्या झाडांवर घातली, फाटकाजवळची तेवढी सोडून. ती उघडीच ठेवायची असं दादांनी सांगितलं आणि अरबाबनी ऐकलं. गोफण पुन्हा वळली नाही. आता शेतावर सकाळी आवाज नसतो.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका शुक्रवारी दुपारी दादांचा फोन आला. मी दवाखान्यातून नुकतीच आले होते, मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. दादांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी धाप होती, पळत आल्यासारखी. म्हणाले, पोरीला दे, पोरीला ऐकव. मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढे धरला. पलीकडे वाऱ्याची घरघर, पंपाचा आवाज, आणि त्यातून एकदम ती शीळ. ओली, गोल, बासरीवर दोनच सूर वाजवून थांबावं तशी. पुन्हा एकदा. दादांनी फोन नक्कीच हात लांब करून झाडाकडे धरला असणार.

"पोरी, आलाय बघ," ते लांबून म्हणाले. "आपल्याच झाडावर. ऐकतीस का?"

तिनं लॅपटॉप मिटला. ती ऐकत होती, मला दिसत होतं. ती शीळ तिला अचूक माहीत होती. कितीदा तरी तिनं ती आम्हाला ऐकवली होती, प्रेझेंटेशन तयार करताना. तिचा चेहरा क्षणभर लहानपणीसारखा झाला आणि मी मनात म्हटलं, आता मराठीत बोलेल. शीळ तिसऱ्यांदा आली.

"इट्स अ मायना, काका," ती म्हणाली.

पलीकडे नुसता पंप ऐकू येत होता. मी फोन काढून घेणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला, अगदी जवळून, तोंडाशी फोन धरल्यासारखा.

"व्हय पोरी," ते म्हणाले. "साळुंकीच हाय."